शेजारी तुमचं वायफाय वापरतात? आधी पासवर्ड कुठून गळतो ते बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, केबलवाल्याकडून घेतलेलं १०० एमबीपीएसचं फायबर, संध्याकाळी आठनंतर नेट रखडतं. राउटरच्या यादीत १४ डिव्हाइस दिसतात आणि घरात मोजून आठ-नऊच आहेत. पासवर्ड दोनदा बदलला, महिन्याभरात पुन्हा तेच. आता नेटवर्कचं नाव लपवावं की मॅक फिल्टर (डिव्हाइसचा ओळख क्रमांक बघून आत घेणारी किंवा अडवणारी सोय) लावावा, असं तुम्ही विचारलंय. शिवाय शेजाऱ्यांशी वाकडंही यायला नको.

दोन्ही उपाय सोडून द्या, कारण पुढे सांगतो. तुमच्या प्रश्नातली खरी खूण म्हणजे पासवर्ड दोनदा बदलूनही मंडळी परत आली. शेजारी बसून कोणी तुमचा पासवर्ड फोडतंय, ही शक्यता अगदीच कमी. तो घरातून बाहेर जातोय, किंवा तुम्ही बदललात ते दार एक आणि उघडं राहिलं ते दुसरंच. ही गळती सापडेपर्यंत तिसऱ्यांदा पासवर्ड बदलूनही हाती काही लागणार नाही.

त्याआधी ते १४ खरंच १४ आहेत का, ते बघा. राउटरमध्ये दोन वेगळ्या याद्या असतात. ‘डीएचसीपी क्लायंट’ यादीत आयपी पत्ता (राउटरने दिलेला तात्पुरता क्रमांक) घेतलेली सगळी डिव्हाइस दिसतात आणि ती नोंद बहुधा २४ तास टिकते. सकाळी येऊन गेलेल्या भाच्याचा फोन त्यात रात्रीही दिसेल. आत्ता या घडीला जोडलेली डिव्हाइस ‘वायरलेस क्लायंट’ किंवा ‘असोसिएटेड डिव्हाइस’ या पानावर असतात. दुसरा घोळ फोनच करतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट मॅक पत्ता, म्हणजे डिव्हाइसचा ओळख क्रमांक, देतात. तुमच्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन बँडची नावं वेगळी असतील, तर एकच फोन दोन पत्त्यांनी दोनदा नोंदला जातो. ओळखायची खूण सोपी: मॅक पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट, म्हणजे बहुधा कुठला तरी फोन. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर यांचे पत्ते खरे असतात आणि त्यांच्यापुढे बऱ्याचदा कंपनीचं नावही येतं.

खात्रीसाठी लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, घरातल्या सगळ्या फोनचं वायफाय बंद करा, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कॅमेरा, स्मार्ट प्लग यांचे स्विच बंद करा आणि पाच मिनिटांनी वायरलेस यादी ताजी करा. उरलं ते परकं. ‘हे कुठलं बरं?’ म्हणत घरभर फिरताना पलंगाखालचा जुना टॅब किंवा वायफायवाला गीझर सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

केबल लावलीच आहे तर स्पीडही मोजून घ्या. रात्री नऊ वाजता केबलवर ९०-९५ एमबीपीएस मिळत असेल आणि वायफायवर १५, तर दोष शेजाऱ्यांनी नेट ‘खाण्याचा’ कमी आणि गर्दीचा जास्त. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. एकमेकांवर न चढणारे चॅनेल (राउटर बोलतो त्या पट्ट्या) तिथे तीनच: १, ६ आणि ११. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, या तिघांतला जो मोकळा वाटेल तो घ्या आणि फोन-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. केबलवरही वेग कमी, परकी डिव्हाइस काढल्यावरही कमी, असं असेल तर केबलवाल्याला फोन करा. तो दोष तुमच्या घरातला नाही.

आता गळतीकडे वळू. ती कुठून होते, हे घराघरावर अवलंबून असतं, पण जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा म्हणजे खुद्द पासवर्ड. केबलवाल्याचा पोरगा कनेक्शन लावताना तुमचा मोबाइल नंबर टाकतो किंवा आडनावापुढे १२३. एका बिल्डिंगमध्ये दहा कनेक्शन लावली तर दहांना एकच साचा. शेजाऱ्याला काहीही फोडावं लागत नाही, स्वतःचा पासवर्ड बघून तुमचा ओळखता येतो. मोबाइल नंबर तर सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांकडे आहेच. कोणी खरोखर मागे लागलं, तरी हे टिकत नाही. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत, फोन जोडताना होणारी देवाणघेवाण हवेतून टिपून घेता येते आणि मग घरी बसून त्यावर पासवर्ड तपासत राहता येतं. कॉम्प्युटरच्या चांगल्या गेमिंग ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला दहा लाखांच्या वर तपासले जातात. या वेगाने आठ आकड्यांचे सगळे दहा कोटी पर्याय पावणेदोन मिनिटांत संपतात. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी मोबाइल नंबर ४०० कोटी, त्यांना तास-सव्वातास.

दुसरी जागा डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता डिव्हाइस जोडायची सोय. राउटरवरचं ते बटण आणि तळाच्या स्टिकरवरचा आठ आकडी पिन. डिसेंबर २०११ मध्ये त्यातली खोट जाहीर झाली. शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि उरलेले सात राउटर चार आणि तीन अशा दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे एक कोटीऐवजी १०,००० अधिक १,००० म्हणजे ११,००० प्रयत्नांत तो सापडतोच. बटणाचं तर आणखी सोपं: ते दाबलं की दोन मिनिटं दार उघडं. खेळायला आलेल्या पोराला पासवर्ड विचारायचीही गरज नाही. नव्या अँड्रॉइड फोनमधून डब्ल्यूपीएस काढूनच टाकलंय, तेव्हा ते बंद केल्याने तुमचं काही अडणार नाही. फार तर प्रिंटर किंवा एक्स्टेंडर (वायफाय लांबच्या खोलीत पोचवणारा डबा) जोडताना पासवर्ड हाताने टाकावा लागेल.

तिसरी जागा फोनमधला क्यूआर कोड, आणि माझा सगळ्यात जास्त संशय यावरच. अँड्रॉइड १० पासून वायफायच्या सेटिंगमध्ये ‘शेअर’ दाबलं की क्यूआर येतो आणि बऱ्याच फोनवर त्याच्याखाली पासवर्ड चक्क लिहिलेला असतो. आयफोनवरही आयओएस १६ पासून साठवलेला पासवर्ड बघता येतो. घरातल्या मुलाने एका मित्राला तो दाखवला की मित्राच्या फोनवरून तसाच क्यूआर पुढे जातो, आणि चार दिवसांत जिन्यावर बसणाऱ्या सगळ्या पोरांकडे तो असतो. यात कोणाची लबाडी नाही, मागितला म्हणून दिला. काही ‘फुकट वायफाय’वाली ॲप तर फोनमधले पासवर्ड स्वतःच्या सर्व्हरवर चढवून दुसऱ्यांना वाटतात. घरातल्या कुठल्या फोनमध्ये असलं ॲप असेल तर आधी ते उडवा.

चौथी जागा तुमच्यासारख्या, पासवर्ड बदलूनही त्रास न गेलेल्या लोकांनी आधी बघावी: पासवर्ड बदलायचा राहून गेलेलं घरातलंच दुसरं वायफाय. केबलवाल्याच्या ओएनटीवर, म्हणजे फायबर येऊन मिळतं त्या डब्यावर, स्वतःचं वायफाय असतं. पुढे तुम्ही चांगला राउटर आणून त्याला जोडलात आणि पासवर्ड त्या नव्या राउटरचा बदललात. ओएनटीचं वायफाय जुन्याच पासवर्डने चालू राहतं. एकच डबा असला तरी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची पानं बहुधा वेगळी असतात आणि बदल एकाच ठिकाणी होतो. अनेक ओएनटीत एसएसआयडी१ ते एसएसआयडी४ असे वेगवेगळ्या नेटवर्क नावांचे चार कप्पे असतात, ५ गिगाहर्ट्झचे त्यापुढे, आणि तपासणीसाठी चालू केलेला दुसरा कप्पा तसाच राहून जातो. हॉलमधला एक्स्टेंडरही विसरू नका; तो नावापुढे ‘ईएक्सटी’ लावून स्वतःचं नेटवर्क दाखवतो. फोनवर वायफायची यादी उघडा आणि राउटर, ओएनटी, एक्स्टेंडर यांचे स्विच बंद केल्यावर कुठली नावं गायब होतात ते बघा. ती सगळी तुमची.

आता काम कुठल्या क्रमाने करायचं ते. क्रम चुकला की मध्येच नेट जातं आणि माणूस वैतागून अर्ध्यावर सोडतो.

सुरुवात केबलने. वायफायवरून वायफायची सेटिंग बदलली की ‘सेव्ह’ दाबताच तुम्हीच बाहेर फेकले जाता आणि बदल पूर्ण लागला की नाही तेही कळत नाही. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यांवर १९२.१६८.२९.१. नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) चालवून ‘डिफॉल्ट गेटवे’ समोरचा आकडा घ्या. लॉगिन डब्याच्या तळाला छापलेलं असतं.

एक गोष्ट मात्र करू नका: मागचं बारीक रिसेटचं भोक टाचणीने दाबू नका. केबलवाल्याच्या कनेक्शनमध्ये इंटरनेट जोडणीचं (पीपीपीओई) यूजरनेम-पासवर्ड आणि बऱ्याचदा केबलवाल्याने ठरवलेला व्हीलॅनचा आकडा डब्यात भरलेला असतो. रिसेटने तो जातो, लाल दिवा लागतो आणि रविवारी संध्याकाळी केबलवाला फोन उचलत नाही. आत शिरल्यावर ‘बॅकअप’ किंवा ‘कॉन्फिगरेशन सेव्ह’ची सोय दिसली तर आधी फाइल उतरवून ठेवा, आणि डब्ल्यूएएन, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या, पानाचा फोटो काढून ठेवा.

मग ॲडमिनचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा वेगळा, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वायफायवर आलेला कोणीही हे पान उघडू शकतो, आणि लॉगिन ‘ॲडमिन-ॲडमिन’ असेल तर तिथे तुमचा नवा वायफाय पासवर्ड वाचून घेऊ शकतो. याच फेरीत ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे घराबाहेरून हे पान उघडायची सोय, बंद करा. टीआर-०६९ नावाची सोय केबलवाला दुरून दुरुस्तीसाठी वापरतो, ती राहू द्या. काही डब्यांवर ग्राहकाला अर्धवट अधिकारांचंच लॉगिन मिळतं आणि हवी ती पानं दिसतच नाहीत. तसं असेल तर केबलवाल्याला सांगून करून घ्या, नाहीतर ओएनटीचं वायफाय पूर्ण बंद करून मागे स्वतःचा राउटर लावा. माझ्या मते दुसराच मार्ग बरा. स्वतःच्या राउटरवर सगळ्या किल्ल्या तुमच्या हातात राहतात.

त्यानंतर डब्ल्यूपीएस बंद, दोन्ही बँडवर. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती गुप्त ठेवायची मजबूत पद्धत) निवडा. ‘टीकेआयपी’ (तीच जुनी पद्धत) किंवा ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स’ असेल तर ते काढा. ते कमकुवत तर आहेच, वर टीकेआयपीवर जोडलेलं डिव्हाइस ५४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. राउटरवर त्याहून नवं डब्ल्यूपीए३ असेल तर उत्तम, कारण त्यात देवाणघेवाण टिपून नंतर घरी बसून पासवर्ड तपासता येत नाही. पण थेट ‘फक्त डब्ल्यूपीए३’ केलं तर बरेचसे जुने फोन, स्वस्तातले कॅमेरे आणि स्मार्ट प्लग जोडलेच जाणार नाहीत. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय घ्या. त्यातही एखादा जुना प्रिंटर रुसला तर डब्ल्यूपीए२-एईएसवर या. चांगला पासवर्ड असेल तर तेही घराला पुरेसं आहे.

चांगला म्हणजे कसा? मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची, तीही रोमन लिपीतच. ॲट-डॉलर-हॅशची कसरत कशाला? टीव्हीच्या रिमोटने ते टाकताना जीव जातो आणि मग लोक सोपा पासवर्ड ठेवतात. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत, सगळे लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा. उदाहरणार्थ ‘झोका, कोथिंबीर, पंखा, तळेगाव, ओलावा’ यांचं ‘zokakothimbirpankhatalegaonolava’. हाच उचलू नका, आणि मुलांची नावं, गाडीचा नंबर, गणपतीचं नाव हेही नको. लांबीच ताकद देते. शब्दांचं रोमन स्पेलिंग मात्र एकदा कागदावर लिहून कपाटात ठेवा, नाहीतर ‘कोथिंबीर’ टी-एचने की नुसत्या टीने यावरून घरात वाद होतील.

नेटवर्कचं नावही बदला. जुनंच नाव ठेवलं तर शेजाऱ्यांचे फोन रोज ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणत राहतात आणि विचारणा सुरू होते. नवीन नाव असलं की जुनं नेटवर्क त्यांच्या यादीतून निघून जातं, बस. नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय. पासवर्ड मागितला जाणारच, आणि आपल्याकडे पाहुण्याला वायफाय नाही म्हणायची पद्धत नाही. म्हणून द्यायचा पासवर्ड आणि न द्यायचा पासवर्ड असे दोन वेगळे ठेवा. मुख्य नेटवर्क फक्त घरच्यांच्या डिव्हाइससाठी, आणि पासवर्ड तुम्ही स्वतः प्रत्येक डिव्हाइसमध्ये टाकायचा, कोणाला सांगायचा नाही. गेस्टचा पासवर्ड सोपा ठेवलात तरी चालेल, क्यूआर छापून फ्रिजवर लावा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी बदला. गणपतीत घर भरलेलं असतं, विसर्जनानंतर बदलायचा हे लक्षात ठेवायला सोपं. बऱ्याच राउटरवर गेस्टला वेगाची मर्यादा घालता येते. १० एमबीपीएस द्या, व्हॉट्सॲप आणि एखादा व्हिडिओ आरामात चालतो. वेळापत्रक असेल तर रात्री अकराला बंद.

गेस्ट चालू केल्यावर एक तपासणी कराच. फोन गेस्टवर जोडा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. लॉगिनचं पान उघडलं, तर ते ‘गेस्ट’ फक्त नावाला आहे आणि मागे सगळं एकच नेटवर्क आहे. स्वस्त ओएनटीतल्या एसएसआयडी२ चं हेच होतं. ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘गेस्टला लोकल नेटवर्क बंद’ असा पर्याय शोधून चालू करा.

मुलांचे फोन कुठे जोडायचे, याला एकच उत्तर नाही. मुख्य नेटवर्कवर जोडले तर ते क्यूआर दाखवू शकतात. गेस्टवर जोडले तर टीव्हीवर कास्ट आणि प्रिंटर चालणार नाही, कारण वेगळं ठेवणं हेच गेस्टचं काम. मुलगा सातवीत असेल तर मी गेस्टवर टाकेन, कॉलेजात असेल तर समोर बसवून समजावेन. कॅमेरे आणि स्मार्ट प्लग मोबाइल ॲपमधून इंटरनेटवरून चालत असतील तर गेस्टवर खुशाल ठेवा. घरातल्याच रेकॉर्डरवर साठवणारे कॅमेरे मात्र मुख्यवरच हवेत.

नाव लपवणं आणि मॅक फिल्टर का नको, तेही सांगतो. लपवलेलं नाव तुमचाच फोन जोडताना हवेत उघड बोलतो आणि शोधणाऱ्याला ते दिसतं. उलट तुमचा फोन बाहेरही ते नाव पुकारत फिरतो, आणि घरातला एखादा जुना टीव्ही अशा नेटवर्कला नीट जोडला जात नाही. मॅक फिल्टरचं म्हणाल तर बनावट पत्त्यांमुळे तुमचेच नवीन फोन बाहेर राहतात, आणि ज्याला अडवलं तो सेटिंगमध्ये एक बटण हलवून नवा पत्ता घेऊन आत येतो. मूळ दार उघडं असताना कडीवर रंग मारण्यासारखं आहे ते. राउटरची ताकद १०० वरून ५० टक्के करणं हाही असाच सल्ला. त्याने सिग्नल जेमतेम ३ डेसिबलने पडतो. शेजाऱ्याला फरक कळणार नाही, तुमच्या आतल्या बेडरूमला कळेल.

शेजाऱ्यांचं काय? ‘कंपनीने पासवर्ड बदलला’ असली थाप मारू नका, पुढच्या वेळी ते तुम्हाला कंपनीला फोन करायला सांगतील. सरळ सांगा: घरून ऑफिसचं काम असतं, नेट अडतं, म्हणून सगळं नव्याने लावलं. कोणाची खरंच अडचण असेल, मुलाचा फॉर्म भरायचाय, ऑनलाइन परीक्षा आहे, तर गेस्ट द्या आणि काम झालं की बदला. कायमचं कनेक्शन वाटून घेऊन निम्मे पैसे घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. घरगुती प्लॅनच्या अटींत ते सहसा बसत नाही, आणि त्या कनेक्शनवरून जे काही जातं त्याची नोंद तुमच्या नावावर होते. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. त्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, तरी तपास आधी त्याच्याच दारात आला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय आणि अप्रामाणिक हेतूने नेटवर्क वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पण पासवर्ड तुमच्याच घरातून दिला गेला असेल तर ‘परवानगी नव्हती’ हे सिद्ध करत बसाल.

तर तुमच्यासाठी क्रम असा: केबल लावून मोजणी, राहून गेलेल्या वायफायचा शोध, ॲडमिन पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद, एईएस, नवं नाव-पासवर्ड, गेस्ट. दोन तास लागतील, त्यातला एक स्मार्ट प्लग पुन्हा जोडण्यात जाईल.

नंतर आठवडाभर रात्री एकदा वायरलेस यादी बघा आणि ओळखलेल्या प्रत्येक डिव्हाइसला तिथेच नाव द्या: ‘आईचा फोन’, ‘हॉल टीव्ही’. अनोळखी डिव्हाइस मुख्य नेटवर्कवर पुन्हा दिसलं, तर पासवर्ड घरातल्याच कुठल्या तरी फोनवरून गेलाय असं समजा आणि राउटरऐवजी फोन तपासा. आणि फायबर तुटलं म्हणून केबलवाल्याने ओएनटी बदलून दिला, तर तो गेल्यावर लगेच आत जाऊन बघा. नव्या डब्यावर डब्ल्यूपीएस चालू, ॲडमिनचा पासवर्ड कारखान्यातला आणि वायफायला पुन्हा तुमचा मोबाइल नंबर असतो.